स्फोटाचा पेशंट घाट चढण्याआधी

१०८ च्या कंट्रोल रूममधून कॉल येतो तेव्हा त्यात ‘स्फोट’ हा शब्द क्वचितच असतो. “कंपनीत कायतरी उडालं”, “क्वारीवर दोघं लागलेत”, “बोटीवर सिलिंडर पेटला”, “पोराचा पंजा गेला, डुकराचा बॉम्ब होता” असंच काहीबाही कानावर येतं. गाडी निघेपर्यंत आपणच ओळखायचं असतं की हा नुसता अपघात नाही. कोकणात अशा जागांना तोटा नाही. रसायनी, रोहा, महाड, लोटे-परशुराम इथे केमिकल कंपन्यांचे रिअ‍ॅक्टर आहेत, मुंबई-गोवा महामार्गावर रात्रंदिवस गॅसचे टँकर आहेत, काळ्या दगडाच्या खाणीत, म्हणजे क्वारीत, सुरुंग आहेत, रानडुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरणारे आहेत आणि खाडीत मासे मारायला चोरून जिलेटिनच्या स्फोटक कांड्या टाकणारेही आहेत.

मी अकरा वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. आधी सिंधुदुर्गात होतो, आता चिपळूणच्या बाजूला आहे. हा लेख माझ्यासारख्यांसाठी, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरसाठी आणि कंपनीच्या दवाखान्यात रात्रपाळीला एकट्या असणाऱ्या सिस्टरसाठी आहे. तुमच्या सेवेचा लेखी प्रोटोकॉल असेल तर आधी तो. खाली लिहिलंय ते त्याच्या जोडीला.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. सिंधुदुर्गातल्या एका क्वारीवर फसलेला सुरुंग काढताना उडाला. एकाच्या नडगीचं हाड बाहेर आलेलं, तो बोंबलत होता आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती. दुसरा चाळिशीचा माणूस बाजूच्या दगडावर बसून खिशात बिडी शोधत होता. “माका काय्येक झाला नाय डॉक्टर, कानांक दडे बसलेत फक्त.” अंगावर ओरखडा नाही. मी त्याला चालवत गाडीपर्यंत आणलं आणि पायलटशेजारी (रुग्णवाहिकेच्या चालकाला आम्ही पायलट म्हणतो) बसवलं, कारण जखमीसोबत कोल्हापूरला कोणीतरी हवंच होतं. फोंडा घाट अर्धा चढलो तेव्हा पुढून पायलटचा आवाज आला, “डॉक्टर, ह्यांचो खोकलो थांबना नाय.” खांद्यावरच्या टॉवेलला गुलाबी फेस लागला होता. बोटाला प्रोब लावला तर एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ८४. मागे स्ट्रेचर एक, त्यावर नडगीवाला. ऑक्सिजनचा हिशेब मी एकाचाही धड केला नव्हता, मग दोघांचा कुठला! तो माणूस वाचला, पण त्यात माझी हुशारी नव्हती. घाटमाथ्यानंतर एका रुग्णालयात छातीत साचलेली हवा काढायला नळी पडली म्हणून वाचला.

तेव्हापासून स्फोटाच्या ठिकाणी मी आधी गप्प बसलेल्यांकडे बघतो. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, एवढं तर कळलेलं असतं.

त्याला काय झालं होतं

स्फोटाची इजा पाच वाटांनी होते. पहिली दाबाच्या लाटेची. दुसरी उडालेल्या काचा-पत्रे-खडीची. तिसरी माणूस स्वतः फेकला जाऊन आदळण्याची. चौथीत भाजणं, धूर, ढिगाऱ्याखाली चिरडणं आणि दम्यासारखा जुना आजार उसळणं हे सगळं येतं. पाचवी विषारी किंवा दूषित पदार्थ अंगात जाण्याची. दुसरी, तिसरी आणि चौथी आपल्याला रस्त्यावरच्या अपघातांमुळे हाताखालची आहेत. घोळ होतो तो पहिलीत, कारण ती दिसत नाही.

दाबाची लाट काही मिलिसेकंदांत शरीरातून जाते आणि जिथे हवा आणि मांस शेजारी आहेत तिथे फाडते. म्हणजे कानाचा पडदा, फुप्फुस आणि आतडी. कानाचा पडदा सगळ्यात नाजूक; साधारण ५ पीएसआय (चौरस इंचावर ५ पौंड) दाबापासून तो फाटू शकतो. फुप्फुसाला इजा व्हायला त्याच्या तिप्पट किंवा जास्त दाब लागतो. यावरून पूर्वी शिकवत की कान बघा, पडदा शाबूत असेल तर फुप्फुसही शाबूत. हे डोक्यातून काढून टाका. डोकं कोणत्या बाजूला वळलेलं होतं, कानात मळ किती होता, इअरप्लग होते का, यावर पडद्याचं नशीब ठरतं. पडदा फाटलेला असला तर संशय वाढवा. शाबूत असला म्हणून संशय कमी करू नका.

फुप्फुसात रक्तस्राव होतो, सूज येते, कुठे हवा गळून छातीत साचते. लक्षणं म्हणजे धाप, कोरडा खोकला, मग फेसाळ किंवा रक्ताचा खोकला, छातीत दुखणं आणि खाली येणारा ऑक्सिजन. मोठा दाब बसला असेल तर लगेच श्वास थांबणं, नाडी मंद होणं आणि बीपी पडणं ही तिन्ही एकत्र दिसतात. रक्त गेल्याने बीपी पडतं तेव्हा नाडी धावते. इथे बीपी पडलेलं आणि नाडी ५०, असा उलटा मामला दिसला तर लाटेचा विचार करा. बऱ्याच जणांना पहिल्या तास-दोन तासांत कळतं, काहींना एक-दोन दिवसही लागतात. आपला प्रवास नेमका या तासांमध्ये येतो.

आणि जागा विचारा. बंद खोलीत लाट भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत येते. इस्रायलमधल्या बॉम्बस्फोटांवरचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उघड्यावरच्या स्फोटांत ७.८ टक्के माणसं गेली, बसच्या आत झालेल्या स्फोटांत ४९ टक्के. आपल्याकडे बस नसेल, पण रिअ‍ॅक्टरची शेड, बोटीतली इंजिन रूम, पत्र्याची वेल्डिंगची टपरी आणि दारं लावलेलं स्वयंपाकघर आहे. “तू कुठे उभा होतास, मागे भिंत होती का, उडालास का, शुद्ध गेली का, आत काय भरलेलं होतं?” हे पाच प्रश्न मी सुई टोचता टोचता विचारतो.

गाडी कुठे लावायची

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याचं जहाज पेटलं. पहिल्या स्फोटानंतर साधारण अर्ध्या तासाने दुसरा झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले, आणि म्हणूनच देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला “चला चला, आत चला” करत असतो तेव्हा मला ती गोदी आठवते. पहिला आवाज म्हणजे शेवटचा आवाज, असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

टँकर असेल तर त्याच्या मागच्या आणि बाजूच्या पाटीवरचा चार आकडी नंबर दुरून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. १०७५ म्हणजे एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. एलपीजीचा टँकर आगीत सापडला असेल तर चारी बाजूंनी १६०० मीटर मोकळं ठेवायचं असतं. म्हणजे हातखंब्याच्या तिठ्यावर टँकर पेटला तर आपली गाडी तिठ्यावर नसते. पेशंट आपल्यापर्यंत आणले जातात.

वाऱ्याचं शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. दुपारी खारे वारे समुद्राकडून आत येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून. तेव्हा दुपारच्या गळतीत आपण पश्चिमेकडून यायचं आणि रात्री पूर्वेकडून. हा झाला ढोबळ नियम. नक्की दिशा नारळाच्या झावळ्या किंवा कंपनीवरचा विंडसॉक (वाऱ्याने फुगणारी कापडी नळी) बघून ठरवा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो ओढ्याच्या खोलगटात, खालच्या वाडीत जाऊन बसतो. अमोनिया खरं तर हलका, पण टाकीतून थंडगार सुटतो आणि आपल्या दमट हवेत धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो. म्हणून दोन्ही वेळा गाडी उंचावर, वाऱ्याच्या पाठीशी आणि तोंड परतीच्या दिशेला.

क्वारीवर ब्लास्टरला, म्हणजे सुरुंग लावणाऱ्याला, आधी गाठा. किती भोकं भरली होती आणि किती उडाली, हा हिशेब त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खाली उतरायचं नाही. इलेक्ट्रिक डेटोनेटर शिल्लक असतील तर वॉकीटॉकी आणि मोबाइल लांब.

“चालता येणाऱ्यांनी इकडे या” कुणाला ऐकू येतं?

जास्त जखमी असतील तर आपण लाल-पिवळा-हिरवा-काळा अशी छाननी करतो (लाल सगळ्यात तातडीचा, हिरवा थांबू शकणारा, काळा गेलेला), आणि तिची पहिली पायरी म्हणजे मोठ्याने ओरडणं: ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली जा. स्फोटात ही पायरी फसते. पडदे फाटलेत, कान वाजतायत. धडधाकट माणूसही जागचा हलत नाही आणि आपण त्याला लाल ठरवतो. उलट, शुद्ध हरपत चाललेल्याला ‘ऐकू येत नसेल’ म्हणून सोडून देतो. त्यात एमआयडीसीतले बरेच कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. मी गाडीत एक जाड पुठ्ठा ठेवलाय, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला हिंदीत तीन ओळी: ‘ऐकू येत नसेल तर हात वर करा. चालता येत असेल तर माझ्याबरोबर या. श्वासाला त्रास असेल तर छातीवर हात ठेवा.’ वाचता न येणाऱ्यासाठी हातवारे. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, हळू बोला.

झाडाखाली पाठवलेल्या हिरव्यांना तिथेच सोडून देऊ नका. दहा मिनिटांनी एकाने फिरून प्रत्येकाचा श्वास मोजायचा आणि एसपीओटू बघायचा. माझा बिडीवाला त्या दिवशी हिरवाच होता.

हात कुठल्या क्रमाने चालवायचा

आधी वाहतं रक्त. हातापायाचा तुकडा गेला असेल, रक्त उसळत असेल, तर टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा) जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही. कपड्यांत जखम नक्की कुठवर आहे ते कळत नसेल तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला. रक्त थांबेपर्यंत पिळा. पेशंट ओरडेल, ओरडू दे. वेळ मार्करने चिकटपट्टीवर लिहा आणि पट्टी कपाळावर लावा. आमच्याकडच्या पावसात कागदाचा लगदा होतो. डुकराच्या बॉम्बने गेलेला पंजा फार भयानक दिसतो आणि सगळे तिकडेच बघत राहतात. पट्टा बांधा, ओलं स्वच्छ कापड गुंडाळा आणि लगेच छातीकडे या. त्याच हाताच्या रेषेत तोंड, डोळे आणि छाती होती. डोळ्यात काही घुसलं असेल तर काढायचं नाही, दाबायचं नाही, मलम नाही. वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटवा. कानात थेंब नाही, बोळा नाही.

मग श्वासाची वाट. आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळलेत, थुंकीत काजळी आहे, तर घसा तासाभरात सुजून बंद होऊ शकतो. त्याच्या घशात नळी आत्ता, घाटाच्या खाली, सपाट जमिनीवर घालून घ्यायची. जमत नसेल तर जिथे भूलतज्ज्ञ आहे त्या जवळच्या रुग्णालयात गाडी आधी थांबवायची.

त्यानंतर छाती, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. प्रत्येक स्फोटग्रस्ताला रिझर्व्हॉयर बॅगच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू करा, एसपीओटू ९८ दाखवत असला तरी. धूर कोंडलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइडमुळे तो आकडा खोटं बोलतो. पेशंटला चालवू नका. श्रमाने फुप्फुसाची इजा वाढते. दोन्ही बगलांत स्टेथो लावा, गळ्याखाली त्वचेत हवा करकरते का ते चाचपा. एका बाजूचा आवाज गेलेला, धाप वाढतेय आणि बीपी पडतंय म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स, छातीत कोंडलेली हवा फुप्फुस आणि हृदय दाबतेय. एक्स-रेची वाट बघायची नाही. १४ नंबरची लांब सुई, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीच्या फटीत, बगलेच्या पुढच्या रेषेवर, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून. सुई हा तात्पुरता इलाज. ती मुडपते, बंद पडते, म्हणून पुढे छातीत नळी लागतेच.

फाटलेल्या फुप्फुसात जोराने हवा कोंबली तर ती रक्तवाहिनीत शिरून मेंदूत किंवा हृदयात जाऊ शकते. श्वासनळीत नळी घातल्या घातल्या झटका आला, एक बाजू लुळी पडली किंवा हृदयच थांबलं, तर हाच संशय घ्या. सपाट झोपवा, डोकं खाली करू नका, १०० टक्के ऑक्सिजन ठेवा आणि हवेचा दाब जमेल तितका उतरवा. याच भीतीपोटी माझा नियम असा, की मास्कवर ९२-९४ टिकवून जो बोलतोय त्याला बोलू द्यावं. सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं यंत्र) लावायचा मोह होतो. छातीत हवा गळतेय की नाही हे माहीत नसताना तो मोह आवरावा.

व्हेंटिलेटरवर घ्यावंच लागलं तर उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे ६ मिली. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं हे वजन साधारण ६१ किलो येतं, म्हणजे एका श्वासाला ३७० मिलीच्या आसपास. प्लॅटो प्रेशर (श्वास भरून थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब) ३० च्या खाली आणि पीप (श्वास सोडल्यावर उरणारा दाब) बेताचा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तर चढू द्या. डोक्यालाही मार असेल तर मात्र ही सूट नाही; तिथे ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) ३५ ते ४० धरून राहायचं आणि वरचं बीपी ११० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. फुप्फुस आणि मेंदू यांच्या भांडणात मी मेंदूच्या बाजूने असतो.

हाताने दाबून श्वास द्यायच्या अंबू बॅगबद्दल वेगळं सांगायलाच हवं. मोठ्यांची बॅग जवळजवळ दीड लिटरची असते आणि आपल्याला हवेत साडेतीनशे-चारशे मिली. आपल्याकडे रीत अशी, की डॉक्टर फोनवर आणि बॅग पेशंटच्या भावाच्या हातात. तो बिचारा जीव लावून दोन्ही हातांनी, मिनिटाला चाळीस वेळा दाबतो. त्या भावाला हात धरायला बसवा, नाव घेऊन बोलायला सांगा. बॅग एका हाताने, छाती जेमतेम उचलेल इतकीच, पाच-सहा सेकंदांतून एकदा, आणि ती आपल्याच माणसाच्या हातात.

आता सलाईन. दोन बाटल्या धबधबा सोडायच्या ही आपली सवय इथे घातक आहे. सुजलेलं फुप्फुस त्यात बुडतं. २५० मिली द्या, मनगटाची नाडी लागली की थांबा. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी ८०-९० पुरे. रक्तस्राव तीन तासांच्या आतला असेल तर ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) १ ग्रॅम दहा मिनिटांत सावकाश. या मोजूनमापून धोरणाला दोन अपवाद आहेत. मोठं भाजणं हा पहिला, त्याचं गणित वेगळं. दुसरा, तास-दोन तास पाय दगडाखाली दबलेला माणूस. दगड उचलण्याआधी नॉर्मल सलाईन जोरात सुरू करा, रिंगर लॅक्टेट नको, कारण त्यात पोटॅशियम असतं. दगड निघाल्यावर चिरडलेल्या स्नायूतलं पोटॅशियम रक्तात येतं; मॉनिटरवर त्याची खूण, म्हणजे टोकदार उंच टी लाटा, दिसल्या तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली सावकाश. आणि ज्याला लाटही लागली आहे आणि पायही चिरडलाय, त्याच्याबाबत फोनवरून वरिष्ठांना विचारा. मीही विचारतो.

भाजलेल्यावर वाहतं साधं पाणी वीस मिनिटं, पण मोठा भाग भाजला असेल तर बाकी अंग झाकून. भिजलेला पेशंट एसी गाडीत तीन तासांत गारठतो आणि गारठलेल्याचं रक्त गोठत नाही. कंपनीतला असेल तर गाडीत घेण्याआधी कपडे कात्रीने कापून काढा, डोक्यावरून ओढू नका. बहुतेक रसायन कपड्यांबरोबरच जातं. मग भरपूर पाणी. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कंपनीच्या दवाखान्यात असायला हवी, तिथूनच मागून घ्या. धुतल्याशिवाय गाडीत घेतलेला पेशंट म्हणजे बंद डब्यात पायलटसह तिघांना धुरी.

पाण्यातला स्फोट

खाडीत जिलेटिनने मासे मारणं बेकायदा आहे, त्यामुळे खरी हकिगत कोणी सांगत नाही. “होडीतून पडला” सांगतात. कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पाण्यात उभा असताना आसपास काही फुटलं का, हे एकट्याला बाजूला घेऊन विचारा. उपचारासाठी विचारतोय म्हणून सांगा. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून लाट त्यात लांबवर आणि जोरात जाते. डोकं वर असल्याने कान शाबूत, बाहेरून खरचटलेलंही नाही, आणि पाण्याखाली राहिलेलं पोट मात्र सगळा मार खातं. पोट दुखणं, उलटी, उलटीत किंवा शौचाला रक्त, सारखी शौचाची भावना, वृषणात कळ, यातलं एक जरी असलं तरी सर्जनकडे. आतड्याला पडलेलं भोक काही वेळा दोन-तीन दिवसांनीही उघडतं, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर घरी सोडू नका.

गरोदर बाई असेल तर बाळ पाण्याच्या पिशवीत बऱ्यापैकी सुरक्षित असतं, पण वार गर्भाशयापासून सुटू शकते. तीन महिन्यांच्या पुढची असेल तर तिला काही होत नसलं तरी प्रसूतितज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच न्या.

कुठे आणि कधी न्यायचं

‘घाटावर न्या’ हे नातेवाइकांचं पहिलं वाक्य असतं. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्लीने कराड, महाडहून ताम्हिणीने पुणे, या वाटा आपल्या पायाखालच्या आहेत. पण अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, डेरवणला मोठं रुग्णालय आहे, दक्षिणेकडे गोव्याचं बांबोळी आहे. मी एवढंच बघतो की सर्जन, रक्त आणि व्हेंटिलेटर या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे सगळ्यात लवकर मिळतील. भाजलेल्यांसाठी ऐरोलीचं बर्न्स सेंटर उत्तम, पण ज्याची छाती गळतेय त्याने महाडहून थेट ऐरोलीची वाट धरू नये. आधी जवळ कुठेतरी नळी टाकून घ्यावी.

कारण घाट. आपले घाट सहाशे-सातशे मीटर चढतात. तेवढ्यात हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी उतरतो आणि छातीत अडकलेली हवा जवळपास तितकीच फुगते. निरोग्याला कानात दडे बसतात इतकंच. ज्याच्या छातीत आधीच हवा दाटलीय त्याला ही वाढ आणि वर पातळ होणारा ऑक्सिजन एकाच वळणावर गाठतात. हेलिकॉप्टरने न्यायचं ठरलं तर हेच गणित आणखी कडक. म्हणून छातीत हवा असण्याचा संशय असेल आणि पेशंट व्हेंटिलेटरवर असेल, तर चेस्ट ट्यूब खाली, घाट नंतर. नळीची बाटली कायम छातीच्या खालच्या पातळीवर, आणि प्रवासात नळीला क्लॅम्प (बंद करणारा चिमटा) लावायचा नाही. वळणावर बाटली कलंडेल या भीतीने लावतात, आणि तोच क्लॅम्प जीव घेतो. श्वासनळीतल्या ट्यूबच्या टोकाला असलेला हवेचा फुगा, म्हणजे कफ, तोही चढणीला फुगतो. त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा. मीटर नसेल तर पायथ्याशी आणि माथ्यावर पायलट बलून, म्हणजे त्या फुग्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा, चिमटीत दाबून बघा. आमच्या गाडीत पायलट दोन, एक गाडी चालवतो आणि दुसरा फुगतो, असा जुना विनोद आहे.

निघण्याआधी ऑक्सिजनचं गणित बोटांवर करा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर, डी टाइपमध्ये सुमारे ७०००. मिनिटाला १५ लिटरने बी टाइप शंभर मिनिटं जातो. रत्नागिरी-कोल्हापूर तीन तास धरले तर २७०० लिटर हवेत. दरड, ट्रॅफिक, गणपतीची गर्दी म्हणून वर निम्मे, म्हणजे ४००० च्या पुढे. बी टाइप तीन किंवा निदान साठ टक्के भरलेला एक डी टाइप. काटा स्वतः बघा. “कालच भरलाय साहेब” यावर मी दोनदा फसलोय.

पायलटला घाईचा पेशंट म्हणून नाही, धक्के न सोसणारा पेशंट म्हणून सांगा: “दादा, वळणं सावकाश, ब्रेक हळू.” चढणीच्या आधी पायथ्याशी दोन मिनिटं गाडी उभी करा. श्वासाची गती, एसपीओटू, दोन्ही बाजूंचा आवाज, नळी, टूर्निके, सगळं पुन्हा. इथे आकडे खाली येत असतील तर परत फिरायला लाज वाटून घेऊ नका. मध्यावर परत फिरता येत नाही, हे मी फोंड्यात शिकलो. घाटात मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे पुढच्या रुग्णालयाला फोन पायथ्यावरूनच: स्फोट किती वाजता, बंद जागा की उघडी, काय काय लागलंय, आत्ताचे आकडे, काय दिलंय, किती वाजता पोहोचतोय. अर्धं मिनिट पुरतं.

जे गाडीत बसले नाहीत

आता मागे राहिलेले. झाडाखालचे, “आमका काय नाय” म्हणणारे. ज्यांना काहीच त्रास नाही, ज्यांचा छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजन व्यवस्थित आहे, त्यांनाही निदान सहा तास नजरेखाली ठेवा. बंद जागेतला असेल तर रात्रभर. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. ठेवायला जागा नाही, कॉन्ट्रॅक्टर ऐकत नाही, अशी वेळ आली तर प्रत्येकाचं नाव, वाडी आणि मोबाइल नंबर लिहून घ्या. त्याला ऐकू येत नसणार, म्हणून सूचना घरच्यांना द्या, साध्या शब्दांत: रात्री धाप लागली, खोकल्यात रक्त आलं, पोटात दुखायला लागलं किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, १०८ लावा आणि फोनवर पहिलं वाक्य ‘दुपारी स्फोटात होता’ हेच सांगा. मग रात्री दहाच्या सुमारास आपणच एक एक नंबर फिरवायचा. फोन बायकोने उचलला तर तिला विचारायचं, जेवला का, आडवा झोपू शकतोय का, की उशीला टेकून बसलाय.